लांडी खाना नावाचं स्टेशन



या स्मृतिव्याख्यानासाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं होतं. वैमानिकाबद्दल बोलायचं तर वैमानिकानं बोलावं, निदान सैन्यातल्या माणसानं तरी. मी भूगोलाची मास्तरीण. सत्तावीस वर्षं केंद्रीय विद्यालयांत शिकवलं, त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं हवाई दलाच्या तळांवरच्या शाळांत गेली. विमान चालवणं तर लांबच, खिडकीजवळची जागा मिळाली तरी मी खिडकी बंद करून बसते. पण संयोजक चिवट. ते म्हणाले, "बाई, पराक्रमावर बोलणारे पुष्कळ मिळतील. तुम्ही घरावर बोला." मग मात्र नाही म्हणवेना.

ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर यांना मी कधी भेटले नाही, हे आधीच सांगून टाकते. ते १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात गेले, वयाच्या ८२व्या वर्षी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी आली. 'पाकिस्तानच्या कैदेतून निसटलेले वैमानिक' असा बहुतेक मथळ्यांचा सूर. ती एक रात्र आणि त्यानंतरची एक सकाळ, एवढ्यावर ८२ वर्षं उरकली होती. मलाही ती रात्र ठाऊक होती. मी तर ती वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. तेव्हा तिथूनच सुरुवात करते. पण आजच्या बोलण्यात तिला किती जागा द्यायची, ते मी ठरवणार.

सातवीच्या वर्गाला नकाशावाचन शिकवताना मी पहिल्या तासाला एकच गोष्ट सांगायचे. नकाशा हातात आला की आधी खाली कोपऱ्यात बघा, कुठल्या सालचा आहे ते. मुलांना ते भलतंच कंटाळवाणं वाटायचं. डोंगर, नद्या, राजधान्या सोडून साल काय बघायचं! मग मी लांडी खानाची गोष्ट काढायची.

खैबर खिंडीतून इंग्रजांनी रेल्वे नेली. ४ नोव्हेंबर १९२५ला ती जमरूदहून लांडी कोतलपर्यंत सुरू झाली. चौतीस बोगदे आणि ब्याण्णव पूल-मोऱ्या. चढ इतका खडा की काही ठिकाणी गाडी पुढे जायची, थांबायची आणि उलटी होऊन वरच्या रुळावर चढायची. पुढच्या वर्षी हा मार्ग आणखी थोडा खाली, अफगाण सरहद्दीच्या दिशेनं, लांडी खाना या स्टेशनापर्यंत वाढवला. ते त्या बाजूचं शेवटचं स्टेशन. १९३२च्या डिसेंबरात तो शेवटचा तुकडा बंद झाला. म्हणजे उणीपुरी सहा-साडेसहा वर्षं ते स्टेशन चाललं. पण नकाशे छापणाऱ्यांना कोण कळवणार? नकाशावर लांडी खाना तसंच राहिलं, काळ्या रेघेच्या टोकाला एक टिंब.

आता चाळीस वर्षं पुढे या. १३ ऑगस्ट १९७२, रविवार, सकाळची वेळ. लांडी कोतलच्या बाजारात पठाणी कपड्यांतले तीन तरुण चहाच्या दुकानापाशी विचारतायत, लांडी खानाला कसं जायचं? दुकानदाराला नवल वाटलं. तिथं कोण जातं? तिथं आहे काय? तहसील कचेरीतल्या एका कारकुनाच्या कानावर ते पडलं. त्या दिवसांत पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेनं अफगाणिस्तानात निसटत होते. कारकुनाला वाटलं, हे त्यांतलेच. त्यानं तिघांना अडवलं. सरहद्द तिथून काही मैलांवर होती. या प्रकरणावर फेथ जॉन्स्टन यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलंय, त्याच्या नावातच 'चार मैल' आहेत.

ते तिघे म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर, फ्लाइट लेफ्टनंट मलविंदरसिंग गरेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी. भारतीय हवाई दलाचे तीन युद्धकैदी. त्यांच्या नकाशावर लांडी खाना होतं, पण पारुळकर जन्मले त्याच्या कितीतरी आधी ते स्टेशन बंद झालं होतं.

वर्गात इथपर्यंत आलं की मुलं हळहळायची. एखादा तरी म्हणायचा, "मॅम, फक्त साल बघायला हवं होतं." मी मान हलवायचे. आता वाटतं, ती मान हलवणं जरा उद्धटपणाचंच होतं. कैदेत हाताला लागेल तो नकाशा घ्यायचा असतो.

थोडं मागे जाऊन सांगते, कारण आज सभागृहात तरुण मंडळी दिसतायत. पारुळकर १९६३च्या मार्चमध्ये हवाई दलात अधिकारी झाले. दोनच वर्षांनी, १९६५च्या युद्धात, त्यांच्या विमानाला खालून गोळ्या लागल्या आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. लीडरनं सांगितलं, इजेक्ट हो, म्हणजे विमान सोडून बाहेर पड. त्यांनी ऐकलं नाही, जखमी हातानं विमान तळावर परत आणलं. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. उजवा खांदा म्हणजे कांडीचा हात, ज्या हातानं विमान वळवायचं तो. एवढं सांगून पुढे जाते.

१९७१च्या भारत-पाक युद्धात ते २६ स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ उडवत होते. हे विमान आपण १९६८पासून घ्यायला लागलो. एक इंजिन, एकच माणूस, जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करायला बनवलेलं, दणकट आणि इंधनाला अधाशी. उतरताना वेग इतका की थांबवायला शेपटीतून पॅराशूट उघडावं लागायचं. जमिनीवर मारा करायचा म्हणजे खाली यायचं, आणि खाली आलं की रायफलधारी शिपायालाही तुम्ही दिसता. १० डिसेंबरला पारुळकरांचं विमान पडलं. ते इजेक्ट झाले आणि पकडले गेले.

युद्धाआधी त्यांनी सहकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे, की आपण कधी पकडलो गेलो तर पळून येऊ. अशी वाक्यं मेसमध्ये रोज बोलली जातात. हे एक खरं निघालं.

रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे डझनभर अधिकारी होते. विंग कमांडर कोएलो सर्वांत ज्येष्ठ. त्यांत कामत होते, विद्याधर चाटी होते. छावणीचा प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. हे नाव लक्षात ठेवा. नाताळच्या दिवशी या माणसानं कैद्यांसाठी केक आणला. तोवर वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवलेले आपले लोक त्या दिवशी एकत्र बसले.

पुढचे आठ महिने कसे गेले असतील? पहिल्यांदा वाट बघण्यात. जुलैच्या २ तारखेला सिमला करार झाला, सगळ्यांना वाटलं आता सुटलो. पण भारताच्या ताब्यात पाकिस्तानचे सुमारे ९३,००० कैदी होते, त्यांचा प्रश्न बांगलादेशाशी जोडलेला होता, आणि त्या मोठ्या हिशेबात रावळपिंडीतली ही मूठभर माणसं अडकून पडली. इकडे भिंत फोडायचं काम सुरू होतं. एकेक वीट सैल करायची, दिवसा जागच्या जागी बसवायची, बाहेरचा गिलावा अगदी शेवटपर्यंत शाबूत ठेवायचा. शिवणाच्या सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं. जी-सूट म्हणजे वैमानिक पायांना आणि पोटाला बांधतात तो पोशाख. विमान झपकन वळलं की या पोशाखाच्या रबरी पिशव्या फुगतात आणि रक्त पायांत साकळू देत नाहीत. त्या पिशव्या पाणी न्यायला वापरल्या. युद्धकैद्यांना नियमानुसार थोडा भत्ता मिळतो, त्यातून पैसे साठवले. या यादीकडे मी नेहमी गृहिणीच्या नजरेनं बघते. सगळं घरातलं सामान. सुई, पिशवी, वाचवलेले पैसे.

१२ ऑगस्टची रात्र शनिवारची. सोमवारी पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. वादळ आलं, पहारेकरी आडोशाला गेला. तिघे भोकातून बाहेर पडले, सिनेमाचा खेळ सुटला होता त्या गर्दीत मिसळले, पेशावरची बस धरली.

भूगोलवाल्यांना लागलेली एक खोड आहे, तारखा जुळवायची. युद्धकैद्यांना कसं वागवायचं ते सांगणारा तिसरा जिनिव्हा करार झाला १२ ऑगस्ट १९४९ला. बरोबर तेवीस वर्षं. त्या करारात एक फार माणुसकीची गोष्ट आहे. कैद्यानं पळून जायचा प्रयत्न करणं हे त्यात जवळजवळ गृहीतच धरलंय. पळताना सापडला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, आणि तीही ३० दिवसांहून जास्त नाही. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं? मार्च १९४४मध्ये जर्मनीच्या एका छावणीतून दोस्त राष्ट्रांचे ७६ वैमानिक भुयारातून निसटले. तिघेच सुटले. उरलेले ७३ पकडले गेले आणि त्यांतल्या ५० जणांना हिटलरच्या हुकमावरून गोळ्या घातल्या. हॉलिवूडनं त्यावर सिनेमा काढला, मोटरसायकलवरच्या उडीसकट. पन्नास गोळ्यांपेक्षा उडी लोकांच्या जास्त लक्षात आहे.

परत लांडी कोतलला येऊ. तिघांनी तहसीलदाराला सांगितलं, आम्ही पाकिस्तानी हवाई दलातले, रजेवर आलोय, ख्रिश्चन आहोत. पारुळकरांनी घेतलेलं नाव फिलिप पीटर. कुणाचा विश्वास बसेना. सरहद्दीचा तो मुलूख. तिथं हेर ठरलेल्या माणसाचं काय होईल ते कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं. तेव्हा पारुळकरांनी मागणी केली, आम्हाला हवाई दल प्रमुखांच्या एडीसींशी, म्हणजे त्यांच्या खास सहायक अधिकाऱ्याशी, फोनवर बोलायचंय. कारण एडीसी आता होते उस्मान हमीद. मधल्या काळात त्यांची बदली झाली होती. फोन लागला. तोवर छावणीत बोंब उठलेली असणार. समोरचा माणूस खरं काय ते क्षणात ओळखून गेला. त्यानं तहसीलदाराला सांगितलं, ही माणसं आमची आहेत, ताब्यात ठेवा, पण त्यांना इजा होऊ देऊ नका.

या फोनबद्दल मी आजवर बोलले नव्हते. वर्गात गोष्ट नकाशाच्या चुकीपाशी संपायची, कारण मला तिथं शिकवायचं काहीतरी होतं. पण माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला शहाणपणाचा क्षण तो. भिंत फोडण्यात धाडस आहेच. मात्र चार मैलांवर सरहद्द दिसत असताना 'आता हरलो' हे ओळखायचं, आणि हरल्यावर जिवंत राहायचं असेल तर कुणाच्या हाती सापडावं याचा विचार करायचा. तो हात शत्रूच्याच कचेरीतला, पण केक आणणाऱ्या माणसाचा. मरून हुतात्मा होण्याचा मोह अठ्ठाविशी-तिशीत फार असतो. तो टाळून पारुळकरांनी आपली आणि दोन सोबत्यांची आयुष्यं वाचवली. त्या फोनच्या तारेवर पुढची ५३ वर्षं लोंबत होती.

तिघांना परत नेलं, एकांतवास मिळाला, मग सगळ्यांना लायलपूरच्या तुरुंगात, जिथं लष्कराचे कैदी होते तिथं, हलवलं. लायलपूर म्हणजे आताचं फैसलाबाद. १ डिसेंबर १९७२ला वाघ्याहून सगळे भारतात आले. चार महिने थांबले असते तर तसेच आले असते, असं कुणी तरी नेहमी म्हणतं. मागच्या रांगेतल्या त्या काकांच्या चेहऱ्यावरही मला तेच दिसतंय. काका, ऑगस्टमध्ये डिसेंबर दिसत नसतो.

इथून पुढे पारुळकरांच्या आयुष्यात वर्तमानपत्रांना रस उरला नाही. माझा रस मात्र इथं सुरू होतो.

ते हवाई दलातच राहिले. वायुसेना अकादमीत उड्डाणाचे प्रशिक्षक झाले. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर झाले. सिंगापूरला प्रतिनियुक्तीवर गेले. विशिष्ट सेवा पदक मिळालं. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. मागे पत्नी आणि दोन मुलगे. चार ओळींत मावतं बघा, मावतं म्हणून तर कुणी थांबत नाही.

प्रशिक्षक म्हणजे काय, ते मी तळावर राहून बघितलंय, अर्थात जमिनीवरून. मागच्या किंवा शेजारच्या जागेवर बसायचं, शिकाऊ पोरगा विमान वाकडंतिकडं करतोय, हात कांडीपासून दोन इंचांवर ठेवायचा, पण धरायची नाही. कधी धरायची आणि कधी त्याला चुकू द्यायचं, एवढंच ते शास्त्र. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये असेच एक प्रशिक्षक राहत. संध्याकाळी मुलाला सायकल शिकवताना ते दिसायचे. सीटमागे हात तसाच, दोन इंचांवर. मुलगा धडपडला की त्यांची बायको खिडकीतून ओरडायची, "धरा की!" ते धरायचे नाहीत.

आणि प्रबोधिनीतला बटालियन कमांडर म्हणजे घरापासून पहिल्यांदाच तुटलेल्या, सतरा-अठरा वर्षांच्या शेकडो पोरांचा पालक. कुणाला आईची आठवण येतेय, कुणाचा गुडघा सुजलाय, कुणी रडतोय आणि रडलो असं कबूल करत नाहीये. स्वतः कैदेत एकांतवास भोगलेला माणूस त्या पोरांकडे कुठल्या नजरेनं बघत असेल, हे मला नेमकं सांगता येणार नाही. प्रबोधिनीत शिकलेलं कुणी सभागृहात असेल तर त्यांनी नंतर मला सांगावं.

आता संयोजकांनी सांगितलं होतं त्या विषयाकडे येते. घर.

हवाई दलातल्या मुलांना मी वर्गात विचारायचे, गाव कुठलं? निम्मी मुलं गोंधळायची. मग यादी यायची: आदमपूर, हलवारा, जोधपूर, तेजपूर, कलाईकुंडा, बिदर. गाव म्हणून ती तळांची नावं सांगायची. दर दोन-तीन वर्षांनी बदली. घरात फर्निचर सरकारी, स्वतःच्या म्हणाव्यात अशा फक्त काळ्या ट्रंका. त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा. बढती झाली की जुना हुद्दा काळ्या रंगानं पुसून नवा लिहायचा. काही ट्रंकांवर रंगाचे इतके थर असायचे की हात फिरवला तर नोकरी हाताला लागायची. ट्रंकेवर कापड टाकलं की दिवाण, उशा टाकल्या की सोफा. मराठी घर असेल तर वर गणपतीची छोटी मूर्ती, कारण मोठी बदलीत फुटते.

आणि आवाज. तळावर विमानांच्या आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही असं बाहेरच्यांना वाटतं. मीही पहिले सहा महिने तसंच समजत होते. मग लक्षात आलं, सगळ्या बायका मोजतात. भाजी निवडताना, शिकवणी घेताना, फोनवर बोलताना. चार उडाली. चाळीस-पन्नास मिनिटांनी एक उतरलं, दोन, तीन. चौथं येईपर्यंत बोलणं चालू राहतं, पण वाक्यं छोटी होतात. हे मला कुणी सांगितलं नाही, सांगायची पद्धतही नाही. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई फायटर पायलटच्या पत्नी होत्या. त्यांच्या लाल पेनाच्या वेगावरून मला कळायला लागलं.

एकदा माझ्या वर्गातून एका मुलीला प्राचार्यांनी बोलावून नेलं. मी फळ्यावर वाऱ्यांचे पट्टे काढत होते. दारात प्राचार्यांच्या मागे हवाई दलाची एक वरिष्ठ बाई उभी होती, साडी नेसलेली, हातात काही नाही. मुलगी उठली, दप्तर भरायला लागली. कंपासपेटी दोनदा बंद केली तिनं. वर्गात एकही मूल तिच्याकडे बघत नव्हतं. त्या वयाच्या मुलांना एवढं ठाऊक असावं, याचा मला त्या दिवशी फार राग आला होता. पट्टे पुरे केले मी. दुसरं काय करणार?

म्हणून ज्याला आपण 'निवृत्त वैमानिक' म्हणतो, म्हणजे टेकडीवर फिरायला येणारा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून वाद घालणारा म्हातारा, तो मला फार मोठा माणूस वाटतो. त्याच्या घरी रोज मोजलेला आकडा बरोबर आला होता, तीस वर्षं.

ज्यांच्या घरी आला नाही, त्यांतल्या एका घराचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. तेही मराठी, तेही सुखोई-७ उडवणारे, स्क्वाड्रन ३२. ५ डिसेंबर १९७१ला, पारुळकर पडले त्याच्या पाच दिवस आधी, शोरकोटवरच्या हल्ल्यात त्यांचं विमान पडलं. पत्नी दमयंती तांबे. बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पाकिस्तानी वर्तमानपत्रातल्या पकडलेल्या वैमानिकांच्या बातमीत तांबे यांच्या नावाशी जुळणारं नाव आलं. म्हणजे जिवंत आहेत, येतील. १ डिसेंबर १९७२ला वाघ्याहून जे आले त्यांत ते नव्हते. पाकिस्तान म्हणत आलं, असा कुणी कैदी आमच्याकडे नाही. आपल्या सरकारच्या यादीत असे ५४ बेपत्ता जवान आहेत. दमयंतीताईंनी पुढं दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि आयुष्यभर चौकशी चालू ठेवली. २००७मध्ये काही नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग बघू दिले, त्यांतही त्या गेल्या होत्या.

या दोन घरांचा मी अनेकदा विचार करते. एका घरात माणूस परत आला. मग त्याचे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर वाढला, त्याच्या त्याच त्याच गोष्टींना घरातले वैतागले असतील. दुसऱ्या घरात माणसाचा एक फोटो, आणि फोटोखाली साल १९७१. जुन्या नकाशासारखा. त्यावरचं स्टेशन चालू आहे की बंद, ते सांगणारं कुणी नाही, आणि बंद आहे असं कुणी लिहून देत नाही तोवर वाट पुसायची कुणाला?

हे बोलून मी थोडी भरकटले. पण स्मृतिव्याख्यानात भरकटायची सवलत असावी.

खैबर रेल्वेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. पेशावरहून निघालेली ती लाइन शहराबाहेर पडताना थेट पेशावर विमानतळाच्या धावपट्टीवरून जाते. रूळ धावपट्टी ओलांडतात. त्यामुळे आगगाडी चालायची तेव्हा ती धावपट्टीआधी थांबायची; विमानांच्या नियंत्रण कक्षानं परवानगी दिली की मगच पुढे. नकाशा नीट बघितला तर ती काळी रेघ धावपट्टीच्या रेघेला छेदताना दिसते. तीन वैमानिक त्या रेघेचं टोक शोधत निघाले, आणि ती रेघ विमानतळातून जाते, याचं त्यांना त्या सकाळी काही सुचलं असेल का, कोण जाणे. वर्गात मात्र हे सांगितलं की मुलं टाळ्या वाजवायची. गाडी विमानासाठी थांबते!

आपल्याकडे माणसं थांबतात. पुण्याचा विमानतळ आणि लोहगावचा तळ यांची धावपट्टी एकच. २००२मध्ये सुखोई-३० एमकेआय याच तळावर हवाई दलात दाखल झाली, पारुळकरांच्या सुखोईची नातवंडं. त्यांची उड्डाणं चालू असली की प्रवासी विमान कडेला उभं राहतं, आत लोक घड्याळं बघतात, कुणी तक्रारीचं ट्वीटही करतं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त फायटर पायलट राहतात. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. कानांनी आता कमी ऐकू येतं, इंजिनांनी खाल्ले. परवा सकाळी हे व्याख्यान लिहिताना एक शब्द अडला म्हणून मी त्यांच्याकडे गेले. ते वर्तमानपत्रात होते. काकू ओट्याशी, चहाचं आधण ठेवलेलं. लोहगावकडून आवाज आला, एकामागोमाग एक. काकांना पत्ता नाही. काकू माझ्याशी बोलत होत्या, कोथिंबीर महाग झाल्याचं. बोलता बोलता गप्प झाल्या. चहाच्या पावडरीचा डबा हातात तसाच. आधण उकळून कमी व्हायला लागलं. मी काही म्हणाले नाही.

मग त्यांनी पावडर टाकली आणि कोथिंबिरीचा भाव सांगितला.